लूबेक : दहा मिनिटं

गोखले रोडवर, चष्म्याच्या दुकानाच्या माडीवर बसून
मी जर्मनी चालवते.
आठ दिवस, सात रात्री, जैन जेवणाची सोय.
हायडेलबर्गचा किल्ला दीड तास.
बांबर्गला नदीच्या मधोमध उभी नगरपालिका :
वीस मिनिटं, फोटो डावीकडच्या पुलावरून.
ड्रेस्डेनच्या चर्चचे काळे दगड जुने, गोरे नवे,
हे बसमध्येच सांगून टाकावं.
सुटी नाणी जवळ ठेवावीत, शौचालयाला लागतात.
माझा पासपोर्ट एकदा काढला, एकदा नवा करून घेतला.
दोन्ही कोरे.

चौबळकाका परत आले ते चॉकलेटं न आणता,
थेट खुर्चीत :
"पाटकरबाई, लूबेकला दहा मिनिटं कोणी लिहिली?"

मीच.
चर्चच्या बुरुजाखाली दोन फुटक्या घंटा.
लढाईत आग लागली, वरून कोसळल्या,
पडल्या तिथेच ठेवल्यात.
कितीसा वेळ लागतो बघायला?

"चाळीस मिनिटं. बस निघून गेली.
टॅक्सी केली. पैसे मागायला नाही आलो."

अभिप्रायाच्या फॉर्मच्या पाठीवर
काकांनी घंटा उभी चिरून काढली :
हा खांदा, ही कंबर, हा ओठ.
अठ्ठ्याहत्तर भाग तांबं, बावीस कथील.
"जाळीबाहेरून दिसलं तेवढ्यावरून सांगतो,
फुटीचा कण चांगला होता हो.
ओतणाऱ्याची काही चूक नव्हती."

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा, एकतीस वर्षं भट्टीवर.
बंद झाली त्या दुपारी काका डबा खाऊन आले
तोवर शेवटचं ओतीव टेम्पोत चढलं होतं,
भंगारात, किलोच्या भावानं,
अजून हात लावता येऊ नये इतकं गरम.
"आणि तिथे, बाई, ऐंशी वर्षं
पडलेलं कोणी उचललं नाही."

पाचांतल्या तीन चांदण्या भरल्या त्यांनी.
जिना उतरताना कठड्याचे गज
अंगठीनं वाजवत गेले,
एका गजाशी थांबले,
पुन्हा वाजवला.

संध्याकाळी तलावपाळीला माझ्या दोन फेऱ्या असतात.
आज कोपिनेश्वरात कोणी बाप
पोरीला उचलून घंटा वाजवायला लावत होता.
ते गेल्यावर मी खाली वाकून आत पाहिलं.
लोलक एकाच बाजूनं झिजलेला.
मागचा माणूस म्हणाला, वाजवताय का, की सरकताय?

रात्री फाईल उघडली.
दहा खोडले, चाळीस केले.
वरची तीस मिनिटं आणायची कुठून?
मार्झिपानच्या दुकानातून कापली.
जूनची बॅच बदामाच्या त्या मिठाईवरून बोंब मारेल.
मारू दे.

सूचना क्रमांक चौदा :
घंटांना हात लावू नये.
लावावासा वाटेल.