तीन मिलिमीटर

पालक सभा : शनिवार, सकाळी अकरा.
तीन वर्षं फळ्यावर हेच लिहीत आले,
आणि नोंदवहीत : गैरहजर, गैरहजर.
शिरोलीच्या भट्ट्या सोमवारी थंड असतात
हे मला कुणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नव्हतं.

प्रेमजित सुतार, सहावी ब.
त्याच्या वहीत माझी लाल शाई :
"दशांश चुकतात. लक्ष नाही. पालकांनी भेटावे."
दुसऱ्या दिवशी खाली, सुताराच्या जाड पेन्सिलीनं :
"बघतो."
असे अकरा "बघतो" साठले.
स्टाफरूममध्ये आम्ही हसलोसुद्धा.

बाराव्याला मी स्कूटी उद्यमनगरात घातली.
लेथचा आवाज, जळक्या ऑइलचा वास,
पत्र्याच्या शेडमध्ये घोटाभर भुसा.
लाकडाला पॉलिशपेपर घासणारा माणूस
मला बघून उठला, शर्टानं स्टूल पुसलं.
"चुकलं असंल त्याचं, बाई.
दोन द्या, पर शाळंतनं काढू नगासा."

तोंडावर आलेली तक्रार मागं सरली.
म्हटलं, हे काय करताय?
"पॅटर्न. पंपाच्या बॉडीचा.
ह्याचा वाळूत साचा, साच्यात रस."
त्यानं आपली पट्टी माझ्या हातात दिली.
मी पर्समधली माझी काढून शेजारी धरली.
त्याचं तीस माझ्या तिसापेक्षा
तीन मिलिमीटर पुढं.

"गार झालं की बीड आकसतंय.
म्हणून आदीच जरा मोठ्ठं धरायचं.
मापाला माप केलं, तर वस्तू कमी भरती."

मी खूप वेळ दोन्ही पट्ट्या तशाच धरून उभी.
भिंतीला टेकलेल्या फळीवर
प्रेमजितचं अक्षर. १२.६ अधिक ०.१३.
बरोबर. सगळीच्या सगळी बरोबर.
"रातच्याला मापं त्योच काढतोय,"
आणि मग खाली बघत,
"वर्गात बोलतोय का ओ? घरात मुका असतोय."
मी म्हटलं, वर्गातही.
दोघंही जरा गप्प झालो,
एकाच दारावर दोन बाजूंनी
टकटक करत असल्यासारखे.

आता सभा सोमवारी, संध्याकाळी सात.
पहिल्या सभेला नऊ जण आले,
त्यातले दोघं बुटांच्या पैशावरून भांडले.
सुतार आलेच नाहीत, अर्जंट ऑर्डर होती.
पण वही आली.
मी लिहिलं होतं, निळ्या शाईनं :
"फळीवरचं गणित वर्गात आणायचं आहे. कसं?"
खाली तीच जाड पेन्सिल,
एक शब्द खोडून, दुसरा :
"बघूया."