परत आल्याची तारीख

आमच्या दुकानाच्या वहीत क्रियापद नाही.
नाव, गाव, वस्तू, डिपॉझिट, परत आल्याची तारीख.
तरी गणपती पेठेमागच्या बोळात येणारा प्रत्येक जण
पायरीवरूनच सांगायचा,
‘सोंग घ्यायचंय.’

अब्बा म्हणत, घ्यायचंय म्हणतो तो बरा.
घेतलेलं परत करता येतं.
‘सोंग आणायचंय’ म्हणणाऱ्याकडून ते वीस रुपये जास्त घेत:
कुठून आणणार, त्याचं त्यालाच ठाऊक नसतं,
आणि आणलेलं पोचवायला नंतर जागा सापडत नाही.
‘काढायचंय’ म्हणणारे रंगपंचमीचे.
त्यांच्याकडून काही परत येत नाही,
आलं तर धुऊन निघत नाही.
आणि वठणं?
ते कुणी दुकानात मागू नये.
ते तिकडे, मारुतीच्या देवळापुढच्या फळ्यांवर,
रात्री दोननंतर. वठलं तर वठलं.
त्याचं भाडं आम्ही कधी लावलं नाही.

ढोंग वेगळं.
ढोंगाला भाडं पडत नाही, ते स्वतःच्या घरात राहतं.

माझी धाकटी जाऊ मालेगावकडची.
आली त्या वर्षी म्हणाली, ‘आमच्याकडे आता गहू सोंगायला आला.’
मी हसले. गहू कुणाचं सोंग घेणार?
तिनं हवेतच विळा फिरवून दाखवला:
मूठ धरायची, बुडातून कापायचं, आडवं करायचं.
सोंगणं.
त्या रात्री मुकुट मोजताना
हात जरा जपून चालला.

महापुरात पाणी माळ्याला टेकलं.
ओसरल्यावर गच्चीवर वाळत घातले
दोन यमराज, तीन हनुमान (शेपट्या पाच),
नऊ पोलीस,
आणि एक वकील, ज्याचा काळा रंग
शेजारच्या गवळणीच्या चोळीला लागला तो लागलाच.
नऊ पोलीस. वहीत दहा.

दहावा कुपवाडच्या भूपाल मगदूमनं नेलेला,
सोंगी भजनात फौजदार व्हायला.
डिपॉझिट दोनशे. शेवटचा रकाना कोरा.
अब्बा वसुलीला गेले, हात हलवत आले.
काय झालं ते सांगायला त्यांनी दिवाळी ओलांडली.
एमआयडीसीत, कोल्ड स्टोअरेजच्या फाटकावर उभा होता तो.
आमचीच खाकी, बाहीवर कंपनीचा नवा बिल्ला.
आत बेदाणा, बाहेर हा.
‘आता ते सोंग राहिलं नाही,’ अब्बा म्हणाले,
‘पगार चालू झाला की त्याला ड्युटी म्हणतात.’
त्यानं सलाम ठोकला.
अब्बांना जन्मात कुणी सलाम ठोकला नव्हता.
त्यांनीही ठोकला, टाचा जुळवून,
आणि तसेच, छाती काढून,
विश्रामबागपर्यंत साहेबासारखे चालत आले.
उतरवायचं कसं, म्हणाले, ते लक्षात येईना.

शेवटच्या महिन्यात, मिरजेच्या वॉर्डात,
मी दार ढकललं की ते डोळे मिटून घ्यायचे.
पोरीनं घरी जाऊन पाठ टेकावी म्हणून.
पापणी हलायची.
झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात;
मी करून पाहिलं नाही.
चादर सारखी केली,
चपला वाजवत लिफ्टपर्यंत गेले,
मग चपला हातात घेऊन मागे आले
आणि दाराबाहेरच्या बाकावर बसले,
रोज.
ह्याला काय म्हणायचं ते वहीत नाही.

एका पहाटे पापणी हलली नाही.
मी वाट पाहिली. नर्स आली, घड्याळ बघून गेली.
मला एवढंच सुचलं:
अब्बा, आज वठलं.