ओलं कातडं

ह्या गावातून पायी सरहद्द ओलांडता येत नाही.
नियम आहे. कुणी केला, आता कुणी सांगत नाही.
फाटकापासून फाटकापर्यंत हाक ऐकू जाईल एवढंच अंतर,
पण जायचं ते चाकांवर बसून.
त्यावर माझं पोट चालतं.
मी सेसेग्मा. जुनी टोयोटा, स्टिअरिंग उजवीकडे,
एका फेरीत चार माणसं
आणि डिकीत मावेल तेवढी उलाढाल:
पिठाची पोती, उंटाच्या लोकरीचे मोजे,
कुणाच्या तरी लेकीचा लग्नाचा कोट.

क्याख्ता. वसंतात दातांत वाळू येते,
हिवाळ्यात पारा उणे चाळीस.
बर्फ मात्र बेताचंच. ढग इथवर पोचतात ते
वाटेतल्या सगळ्या नाक्यांवर जकात भरून आल्यासारखे, रिकामे.
रात्री मी इंजिनावर घोंगडी टाकते,
आजारी गुरावर टाकावी तशी.

माझे खापरपणजोबा कातडं शिवायचे.
गोबी ओलांडून उंटांवरून चहा यायचा,
त्याच्या पेट्या इथे कच्च्या कातड्यात बंद व्हायच्या.
कातडं ओलं असतानाच ताणायचं, टाके घालायचे.
वाळता वाळता ते आवळत जातं.
मग पेटी नदीत पडो, घसरगाडीवरून पडो,
आत चहा कोरडाच.
म्हातारपणी त्यांचे हातही तसेच झाले म्हणे,
मुठी उघडेनात.
घास दुसऱ्यानं भरवायचा.

पलीकडे तेव्हा एक गाव होतं,
त्याचं नावच मुळी 'घ्या-विका'.
चिनी व्यापारी, कागदाच्या खिडक्या,
आणि बाई एकही नाही, कायद्यानंच.
(भांडी कोण घासायचं, ते इतिहासात नाही.)
दोन्हीकडच्यांनी मिळून एक मोडकी बोली जुळवली होती,
तिच्यात 'मी' नव्हता.
'मी'च्या जागीसुद्धा 'माझं' म्हणायचे:
माझं येतो. माझं विकतो. माझं उद्या मरतो.
आजी नक्कल करायची, ठसका लागेपर्यंत.

मग कुठल्याशा लांबच्या वाळूत कालवा खणला गेला,
चहा बोटीत बसला.
रूळ आले, तेही आम्हाला वळसा घालून.
कुणी आमचं वाईट चिंतलं नव्हतं.
नुसता हिशेब बदलला.
चहाच्या पैशांतून उभं राहिलेलं चर्च अजून आहे, सरहद्दीला टेकून.
घ्या-विका जळून गेलं.

काल गाडीत दारीमा बसली. ऐंशीची असेल.
"बहीण पलीकडे आजारी आहे," म्हणाली.
"तिच्या धुराड्याचा धूर माझ्या दारातून दिसतो.
लाकडं सरत आली की मला कळतं."
रांगेत अडीच तास.
शिपायानं बोचकं सोडलं:
दाबलेल्या काळ्या चहाची एक वीट.
"किंमत?"
ती त्याच्याकडे बघत राहिली.
फॉर्मवर रकाना होता, तो मोकळा सोडता येत नव्हता.
शेवटी त्यानंच काहीतरी लिहिलं.

उतरताना तिच्याकडे ना रूबल, ना तुगरिक.
वीट पुढे केली.
एके काळी इथे विटांवरच मेंढ्या विकल्या जायच्या,
तेव्हा मीही लाजले नाही.
पान्यानं एक कोपरा फोडून घेतला,
उरलेली तिच्या हातात दिली.
तिनं ती तोलून पाहिली.
"जास्त परत केलंस."
"सुट्टे नाहीत, आजी."

येताना गाडीत कुणीच नव्हतं.
खिशात तो कोपरा, हातमोज्याला त्याचा धुरकट वास.
फाटकाशी थांबले, तर समोर चढावर
दारीमाचं घर दिसलं. धूर अगदी बारीक झालेला.
अंधार पडायच्या आत जाऊन
चुलीत दोन ओंडके टाकायला हवेत.
पलीकडून दोघी बघत असतील.