दारामागे शंभर शिलिंग

मालकाचा फोन पाच तारखेनंतर येतो.
मी पाना घेतो, पेचकस घेतो,
गंजलेल्या बिजागऱ्यांसाठी बाटलीत थोडं तेल,
आणि मुकुरूच्या गल्लीत शिरतो.
दारामागे शंभर शिलिंग.
माझं स्वतःचं भाडं त्यातूनच वळतं होतं.

कुणाला घराबाहेर काढावं लागत नाही.
तसं केलं तर कोर्ट, कागद, वकील.
दार तेवढं काढायचं.
मग घर आपोआप बाहेर येतं:
स्टोव्ह, गादी, बादली, बाळंतिणीचे पाय,
सगळं गल्लीला दिसायला लागतं.

केमुन्तोच्या दाराला चारच स्क्रू होते.
ती काही बोलली नाही. कंदील धरला,
मला नीट दिसावं म्हणून.
रात्री चौकटीला तिनं अंगावरचा कांगा बांधला
आणि उंबऱ्यात आडवी झोपली,
अडसरासारखी.

रस्त्यापलीकडे, भिंतीच्या आत,
मागच्या वर्षी एका बंगल्यात काम केलं मी.
सतरा दारं. मोजली, कारण पैसे तिथंही दारामागेच.
अठरावं छोटं, झुलतं, कुत्र्यासाठी.

एकोणीस दिवसांनी ती पैसे घेऊन आली,
सुट्टे, दमट, तीनदा मोजलेले.
मालकाच्या आवारात दारं एकावर एक रचलेली,
पत्र्याची, खोक्यांच्या फळ्यांची,
एकावर अजून चर्चचं कॅलेंडर.
तिचं सापडेना.
पावसानं फुगलं असेल, कुणी जाळलं असेल.
मालक म्हणाला, कुठलंही दे, दार म्हणजे दार.

दिलं. आखूड होतं, खाली चार बोटं फट राहिली.
बसवताना आतल्या बाजूला दिसल्या
खिळ्यानं ओढलेल्या रेघा,
कुणा पोराची उंची, वर्षावर वर्ष.
शेवटची माझ्या कमरेच्या जरा वर.
त्याच्यावर कोरा पत्रा.

मला माहीत होतं, ते दार कुणाचं.
ते लोक रात्रीतून गेले, दार न सोडवताच.
पोराचं नाव ओम्बासा. मी सांगितलं नाही.

केमुन्तोनं बारोंगोला दाराशी उभं केलं,
टाचा टेकव म्हणाली, डोक्यावर तळहात ठेवला.
त्या रेघेला तो बोटभर कमी भरला.
"खाल्लेलं जातं कुठे तुझं?
हा बघ, गेला तुझ्यापुढे."

मी पाना पिशवीत टाकला.
मागं दार लागलं.
कडीचा आवाज आला,
मग, बऱ्याच वेळानं,
पत्र्यावर खिळ्याचा.