पौषाचा कोन

कंपूतल्या आमच्या गच्चीवर
चार फूट उंचीची एक काठी उभी आहे
गेल्या मार्गशीर्षापासून.
दर रविवारी सव्वाबाराच्या सुमारास
मी तिच्या सावलीचं टोक खडूने टिपते.
ह्यांना आधी वाटलं, हिने नवं व्रत धरलं.
शेजारच्या तोमरीणबाईंना अजून तसंच वाटतं.

डिसेंबरच्या बावीस तारखेला सावली
काठीहून साडेआठ इंच लांब.
जूनमध्ये जेमतेम तीन बोटं.
पण तीन बोटं उरतातच.
ग्वाल्हेरात सूर्य अगदी डोक्यावर
कधी येतच नाही,
नेहमी थोडा दक्षिणेला सरकलेला,
माहेरी निघाल्यासारखा.

माझं माहेर इंदूरचं.
तिथे वर्षातून दोनदा, भर दुपारी,
सावली पायाखाली गडप व्हायची.
मी आणि कुंदा अंगणात उभ्या राहून
एकमेकींना बिनसावलीच्या बघायचो
आणि भूत भूत ओरडत घरात पळायचो.
एक्क्याऐंशी साली, रात्रीच्या गाडीत, डुलकी लागली असताना
मी कर्कवृत्त ओलांडलं.
तेव्हा कोणी सांगितलं नाही.
काठीने सांगितलं, आत्ता.

आश्विनात पॅनेल आली.
बसवणारा मुलगा, बृजेश सिकरवार,
फोनमध्ये अक्षांश बघून म्हणाला,
"छब्बीस पे कस देते हैं, आंटीजी,
साल भर का टोटल सबसे ज़्यादा।"
मी म्हटलं, वर्षाची बेरीज घेऊन काय करू?
मला पौष हवा.
जेठात ऊन उतू जातं, सांडलं तर सांडो.
खाली माझी दोन विणायची यंत्रं आहेत,
तीन शाळांचे स्वेटर, दोन मरून, एक बाटली-हिरवा,
मे महिन्यात ते कोणी मागत नाही.
बेचाळीसवर कस.

तो म्हणाला, मागचे पाय उंच होतील,
आंधी आली की खालून वारा घुसेल.
खरं होतं त्याचं.
मग दोन-दोन भोकं पाडायची ठरली:
दसऱ्याला उभं करायचं, होळीला निजवायचं.
आणि तोंड?
"एकदम साउथ।"
नाही रे, जरा पश्चिमेला वळव.
इथे धुकं अकराशिवाय उठत नाही,
सकाळचा सूर्य माझ्या हिशेबात नाही.
त्याने होकायंत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे,
मग साहेबाला फोन लावला.
साहेबही बराच वेळ गप्प होता.

धनत्रयोदशीला कणकेचा दिवा ठेवला दाराबाहेर,
यमासाठी, वात दक्षिणेकडे.
एरवी त्या दिशेला आम्ही पाय करूनही निजत नाही.
आणि वर गच्चीत आठ काळ्या काचा
तिकडेच तोंड करून उभ्या,
मान किंचित कलती,
कोणाचं बोलणं नीट ऐकू येत नसल्यासारख्या.

आज पौषातला धुक्याचा चौथा दिवस.
किल्ला नाही. तोमरीणबाईंची टाकीसुद्धा नाही.
काचांवरून दव ओघळतंय, धूळ घेऊन.
नऊ वाजता शून्य. दहाला शून्य.
यंत्रावर मरून लोकर चढवून बसले आहे.
साडेअकराला एकतीस वॅट,
हसू आलं मला, एकतीस!
साडेबाराला कुंदाला फोन केला.
इथे तर लख्ख पडलंय ग, म्हणाली, पाठ भाजून निघते.
मी म्हटलं, उभी राहा जरा, सावली केवढी आहे बघ.
चपलांचा आवाज, मग बराच वेळ काही नाही.
"माझ्याएवढीच आहे की."

एक वाजता अकराशे वॅट.
काच पश्चिमेला कलती म्हणून
चारपर्यंत पुरलं.
दिवसाचे सव्वाचार युनिट,
सत्तावीस बाह्या,
म्हणजे साडेतेरा मुलं.
उरलेली बाही उद्या,
धुकं उठलं की.