वळचणीचं पाणी

सप्टेंबर संपायच्या आत पत्रा उतरवायचा होता.
लेक सुपीरिअरवरून बर्फ एकदा सुटला
की मग एप्रिलपर्यंत छपराचं तोंड दिसत नाही.

वेइको लाहदेसमाकी, वय एकसष्ट,
गुडघ्यांना रबराच्या वाट्या बांधून
घोड्यावर बसावं तसा आढ्यावर बसला
आणि पहिल्या स्क्रूला हात घातला.
फिरवायची गरजच पडली नाही,
दुधाच्या दातासारखा हातात आला.

"पाणी मुरतंय कुठेतरी," मी शहाणपणानं म्हणालो.
कामाला लागून मला अकरा दिवस झाले होते.

खाली थर्मास घेऊन हॅरिएट पेनहेल उभी.
पत्र्याला भोक आहे, हे तिचं ठरलेलं.
दरसाल भोक शोधायला कुणीतरी वर चढायचं,
दरसाल डांबर, दरसाल सिलिकॉन,
आणि जानेवारीत, बाहेर थेंब पडणं शक्यच नाही
अशा थंडीत,
पलंगावर टप्.
मग बराच वेळ काही नाही.
मग टप्.

पत्रा निघाला.
वरून कोरा करकरीत, पोटाकडून गंजलेला.
खाली ते पॅनेल: दोन फळ्या, मध्ये वीतभर फोम,
जिथे एक पॅनेल दुसऱ्याला भेटतं
तिथे तिथे काळी रेघ,
वर जावं तशी रुंद होत गेलेली.
आढ्यापाशी मी अंगठा टेकवला.
भिजल्या पावात जावा तसा गेला.

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही.
इथे गेलं होतं.
वाफ होऊन चढलं होतं,
बटाट्याच्या सूपचं, शनिवारच्या सौनाचं,
घरातच दोरीवर वाळलेल्या लोकरी मोज्यांचं,
आणि शेवटच्या हिवाळ्यात क्लाइव्हच्या उशाशी
रात्रंदिवस फुसफुसणाऱ्या त्या यंत्राचं.
सुरीच्या पात्याएवढ्या फटीतून वर,
आणि वर पत्रा, गार, फळीला चिकटून बसलेला.
पुढे वाट नाही.
तिथेच त्याचं पुन्हा पाणी झालं.

"म्हणजे आम्हीच?" हॅरिएटनं विचारलं.
वेइकोला समजूत घालता येत नाही.
"चौदा हिवाळे, दोन माणसं," तो म्हणाला,
"श्वास तर घेणारच."

मग आतून प्रत्येक सांधा चिकटपट्टीनं बंद केला.
वरच्या कुजक्या फळ्या कापून नव्या घातल्या,
त्यावर वाफ सोडणारं, पाणी अडवणारं कापड,
आणि कापडावर उभ्या पट्ट्या,
खालून वरपर्यंत, दीड इंच जाडीच्या.

"हवाबंद घराचे मी पैसे मोजले होते," ती म्हणाली,
"आणि आता तुम्ही वर वारा सोडताय?"
वेइकोनं हातमोजे काढले.
एक तळवा दुसऱ्यावर धरला, टेकू दिला नाही,
आणि मधून फुंकर मारली.
"घर बंद," खालचा हात हलवून.
"छप्पर मोकळं," वरचा.
एवढं लांब भाषण त्यानं त्या महिन्यात केलं नव्हतं.

आडव्या पट्ट्या, त्यावर नवा पत्रा, हिरवा.
वळचणीला जाळी, गांधीलमाश्यांसाठी.
आढ्यावर उंच टोपी, बर्फ पडला तरी श्वास चालू राहील अशी.
कुजक्या फळ्या ट्रकमध्ये टाकल्या.
त्यातला एक तुकडा, पावाच्या तुकड्याएवढा,
हॅरिएटनं उचलला. वास घेतला.
बुरशीचाच असणार.
तरी कोटाच्या खिशात ठेवला.
आम्ही दोघंही शिडी बांधण्यात गुंतलो.

फेब्रुवारीत तिची चूल बघायला म्हणून गेलो.
छपरावर कमरेइतका बर्फ, सगळीकडे सारखा,
पन्हळीला एकही सुळका नाही.
"टपटप?" मी विचारलं.
"नाही," ती म्हणाली. "पण झोप अजून तीनलाच मोडते."

निघताना खांबाला धरून उंच झालो,
हातमोजा काढून वळचणीच्या जाळीला तळवा लावला.
बाहेर वारा नव्हता, पानही हलत नव्हतं.
तरी बोटांमधून थंडगार काहीतरी
हळू, न थांबता,
आत ओढलं जात होतं.