गुरुवारपर्यंतचं लाकूड

पाण्याच्या टाकीला आड येतो म्हणून
हॉस्टेलमागच्या उतारावरचा साग
भाद्रपदातल्या एका गुरुवारी पाडला.
ओंडके भवानी पेठेत जायचे होते, टिंबर मार्केटला.
निलोफर मुजावर टेम्पोसमोर उभी राहिली :
एक चकती द्या. पोळपाटाएवढी.

निघाली परातीएवढी.
मी आणि वॉचमन शेलार, जिन्यात तीनदा टेकवत,
वर आणली. हात अजून
जुन्या चपलेच्या दुकानासारखे वास मारतात.

एकतीस वर्षं मी या खोलीत काप घेतो.
लाकूड ग्लिसरीनच्या पाण्यात उकळायचं,
पात्याला चामड्यावर धार द्यायची,
आणि श्वास धरायचा.
चांगला काप कांद्याच्या पापुद्र्यालाही लाजवतो.
मग रंगाचे दोन थेंब, ॲसिडचा एक,
की काचेवर कोकम सांडतं.

लाल दिसतं ते लिग्निन, काका, निलोफर म्हणाली.
पेशी आधी लांब होते, मग भिंत जाड करते,
मग कोपऱ्यांपासून हे भरत येतं,
आणि भरून झालं की पेशी मरते.
त्यानंतरच तिच्यातून पाणी चढतं.

मला स्लॅब आठवला. सेंटरिंग काढल्याशिवाय
खोलीत राहता येत नाही.
बोललो नाही. पीएचडीवाल्यांसमोर
मी उपमा जपून वापरतो.

वलयं मोजली. बासष्ट, किंवा एकसष्ट,
एका ठिकाणी आमचं जमलं नाही.
बहात्तरचं सापडलं, नखाच्या कडेएवढं बारीक.
पानशेतचं वर्षही मी शोधलं.
तिथं काही नव्हतं.
पूर नदीकाठी होता, रोपटं टेकडीवर.

पाषाणहून आकडे आले ते तिनं
कॅन्टीनच्या बिलामागे काढून दाखवले.
गाभ्याजवळचं, पोरवयातलं लिग्निन
जिकडेतिकडे हात टाकणारं, गुंतलेलं, गच्च.
सालीकडे येता येता घटकच बदलत गेले,
साखळ्या सरळ झाल्या, आकडे कमी अडकलेले.
उलटं लिहिलंस का, मी विचारलं.
नाही काका. या झाडात तरी
वयाबरोबर गुंता सुटत गेलाय.
लगद्याच्या कारखान्यात असंच लाकूड लवकर उकलतं.

मी बिल उलटून पाहिलं. दोन चहा, एक क्रीमरोल.
माझा नि दिगंबरचा बांधाचा दावा
पौडच्या कोर्टात एकोणीस वर्षं चाललाय.
लहानपणी आम्ही एका घोंगडीत झोपायचो.

शुक्रवारी टेकडीकडच्या बाजूचे काप फिके आले.
ॲसिड जुनं झालं असेल म्हणून नवी बाटली फोडली.
तरी फिके.
निलोफर भिंगावरून डोळा न काढता म्हणाली,
झाड उताराकडे कललं होतं ना,
तर वरच्या अंगाच्या पेशींनी
बुंधा मागं ओढून धरला होता.
ओढणाऱ्या लाकडात लिग्निन कमी असतं.

म्हणजे जोर होता तिथंच लाली नाही.
मी तो काप टाकला नाही.
एरवी मी खराब काप बादलीत टाकतो.

शेवटचा काप सालीला लागून घेतला.
मऊ लाकूड, पातं घसरायला बघत होतं.
रंग घातला. थांबलो.
हा रंग टिकत नाही, संध्याकाळी उडून जातो,
फोटो लगेच काढावा लागतो,
पण तिनं कॅमेरा न लावता मला बोलावलं : बघा.

यंदाच्या पेशी. पातळ भिंती, ओळीनं उभ्या,
काहींत अजून काहीच नाही.
काहींत फक्त कोपऱ्यांवर
चार लाल ठिपके,
दोन पेशींमध्ये केसाएवढी रेघ सुरू झालेली.

गुरुवारी दुपारी सव्वातीनला
काम इथवर आलं होतं.